किडनीतला दाह आणि रुमाल टाकून धरलेली जागा

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी वडिलांचे रिपोर्ट सोबत दिलेत. वय ६१, मधुमेह १४ वर्षांचा, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) १.७, ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) ४५, लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण (किती प्रोटीन गळतंय याचं माप) ६४०, पोटॅशियम ४.६. बीपीचं टेल्मिसार्टन आणि मधुमेहाचं डापाग्लिफ्लोझिन आधीपासून चालू आहे. आता त्यांच्या डॉक्टरांनी फिनेरेनोनची १० मिलिग्रॅमची गोळी नव्याने जोडली आणि एवढंच म्हणाले, "ही हॉर्मोनचा रिसेप्टर बंद करते, किडनीतली सूज कमी होईल."

त्यावर ताईंचे तीन प्रश्न आहेत. बाबांच्या पायावर सूज नाही, सोनोग्राफीही ठीक आहे, मग ही कसली सूज? दुसरा: मावशीला ल्युपसमुळे किडनीला सूज आहे आणि तिला प्रेडनिसोलोन देतात, तेही हॉर्मोनच. मग एकीची सूज हॉर्मोन देऊन उतरते आणि दुसऱ्याची हॉर्मोन अडवून, हे गणित काय? तिसरा खुद्द बाबांचा, डॉक्टरांसमोर न विचारलेला: हॉर्मोनची गोळी म्हणजे छाती वाढणार का? शेजारच्या काकांची वाढली होती.

वीसेक वर्षं किडनीचे पेशंट बघतोय, आणि पहिला प्रश्न ओपीडीत रोज कोणी ना कोणी विचारतंच. त्यात पेशंटचा दोष नाही. आम्ही डॉक्टर 'सूज' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो ती सूज म्हणजे साठलेलं पाणी. मुतखडा अडकून लघवी तुंबली की सोनोग्राफीवाले 'किडनीला सूज' म्हणतात, तो फुगवटा. आणि तिसरी, बाबांची, ती सूज म्हणजे दाह. ती डोळ्यांना दिसत नाही, सोनोग्राफीत पकडता येत नाही, दुखतही नाही.

ती मी बघतो बायोप्सीच्या काचपट्टीवर. सुईतून निघालेला तुकडा शिसपेन्सिलीतल्या शिशाएवढा बारीक आणि दीडेक सेंटिमीटर लांब असतो. निरोगी किडनीत सूक्ष्मदर्शकाखाली नलिका बांगड्या खेटून मांडल्यासारख्या दिसतात, मध्ये फट जवळजवळ नसते. जुन्या मधुमेहाच्या किडनीत या बांगड्या एकमेकींपासून लांब सरकलेल्या असतात, आणि मधल्या जागेत मोहरी सांडावी तसे जांभळट ठिपके पसरलेले असतात. हे ठिपके म्हणजे रक्तातून आत शिरलेल्या पांढऱ्या पेशी. त्यातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींकडे लक्ष ठेवा, त्या पुढे पुन्हा येणार आहेत. दुसऱ्या रंगाने तीच पट्टी रंगवली की कुठे कुठे निळे पट्टे उठतात. ते व्रण. ठिपके कमी करता येतात. निळा पट्टा एकदा पडला की तो मागे फिरवणारं औषध आजतरी माझ्याकडे नाही. नव्या गोळ्यांची सारी घाई असते ती ठिपक्यांचे पट्टे होण्याआधीची. (बाबांची बायोप्सी करा असं मी म्हणत नाहीये. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा असतील आणि लघवीतलं प्रोटीन हळूहळू वाढत आलं असेल, तर सुई टोचायची सहसा गरज पडत नाही.)

आता डॉक्टर म्हणाले ते हॉर्मोन. ॲल्डोस्टेरॉन हे अॅड्रिनल ग्रंथीतून येतं, ती किडनीच्या डोक्यावर बसलेली असते. १९५३ मध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट या लंडनच्या संशोधक जोडीने, बाझलच्या टाडेउश राइखश्टाइन यांच्या चमूच्या मदतीने ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्यानंतरची कित्येक वर्षं आम्हाला त्याचं एकच काम शिकवलं गेलं: किडनीच्या नलिकांच्या शेवटच्या भागात बसून मीठ धरून ठेवायचं आणि पोटॅशियम बाहेर टाकायचं. परीक्षेत लिहिलं की गुण मिळायचे, विषय संपला. पण १९४० च्या दशकातच कॅनडात हान्स सेलिये या संशोधकांनी उंदरांना याच घराण्यातलं एक हॉर्मोन आणि सोबत मिठाचं पाणी दिलं होतं, आणि त्यांच्या किडनीत आणि हृदयात जी खराबी दिसली ती नुसती पाणी साठण्याची नव्हती. धमन्यांना दाह होता, व्रण होते. ते निरीक्षण जवळपास अर्धशतक अडगळीत पडून राहिलं.

हॉर्मोन पेशीत काय करणार हे ज्याच्यावर ठरतं तो रिसेप्टर. इथे मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, आपण त्याला एमआर म्हणू. ही पेशीच्या आतली एक जागा समजा, एसटीतल्या सीटसारखी. योग्य प्रवासी बसला की सीटसकट तो पेशीच्या केंद्रकात जातो आणि काही जनुकं चालू करतो. नलिकेतल्या पेशीत चालू होणारी जनुकं मीठ ओढणारी असतात. मॅक्रोफेजमध्ये, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, व्रणाचे धागे विणणाऱ्या पेशींत तोच एमआर वेगळी जनुकं चालू करतो: आणखी पांढऱ्या पेशींना बोलावणारे रासायनिक सांगावे, एनएफ-कॅपा-बी नावाचा दाहाचा मुख्य स्विच, आणि टीजीएफ-बीटा, जो निळे पट्टे विणायला लावतो. हॉर्मोन तेच आणि सीटही तीच, पण गाडी वेगळी असेल तर मुक्कामही वेगळा.

यात एक मोठी गोम आहे, आणि मला स्वतःला या विषयातली ती सगळ्यात आवडते. १९८७ मध्ये एमआरचं जनुक सापडलं तेव्हा कळलं की या सीटवर ॲल्डोस्टेरॉन जितक्या आरामात बसतं, तितक्याच आरामात कॉर्टिसोल हे त्याच ग्रंथीतलं दुसरं हॉर्मोनही बसतं. आणि रक्तात कॉर्टिसोल ॲल्डोस्टेरॉनच्या शेकडो पटींनी जास्त असतं. म्हणजे दिवाळीच्या गर्दीतल्या स्टँडवर एका माणसासाठी सीट राखून ठेवायची आणि बाहेर तीच सीट हवी असलेले पाचशे जण उभे. मग नलिकेत ॲल्डोस्टेरॉनला जागा मिळते तरी कशी? तिथे दाराशी एक कंडक्टर आहे. ११-बीटा-एचएसडी-२ असं त्या एन्झाइमचं न लक्षात राहणारं नाव. तो दारातच कॉर्टिसोलचं कॉर्टिझोनमध्ये रूपांतर करतो, आणि कॉर्टिझोनला या सीटवर बसता येत नाही.

कंडक्टर झोपला की काय होतं ते मी एका गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या निमित्ताने पाहिलं. पन्नाशीच्या, तोवर बीपीचा त्रास कधीच नाही, आणि आल्या त्या १८०/१०० घेऊन, पायात गोळे येतात म्हणून. पोटॅशियम २.७, फारच कमी. ॲल्डोस्टेरॉन वाढलं असणार म्हणून तपासलं, तर ते अगदी खालच्या पट्टीत. सीटी स्कॅनमध्ये ग्रंथीला काही नाही. तिसऱ्या भेटीत बोलता बोलता पर्समधून काडी काढून तोंडात टाकली. ज्येष्ठमध. गळ्यासाठी, सकाळपासून रात्रीपर्यंत, कित्येक महिने. ज्येष्ठमधातला ग्लायसिरायझिन नावाचा घटक नेमका त्या कंडक्टरला निकामी करतो. मग कॉर्टिसोल सीटवर धडाधड बसतं आणि अंगात ॲल्डोस्टेरॉनचा पूर आल्यासारखं सगळं होतं, रक्तात मात्र ते हॉर्मोन नावालाच. काड्या बंद केल्या, काही आठवड्यांत बीपी आणि पोटॅशियम दोन्ही जागेवर. तिला हॉर्मोनचा आजार नव्हताच. आजार होता तो सीटवर कोण बसलं याचा.

आता मॅक्रोफेजकडे परत. या पेशींमध्ये एमआर आहे, पण दाराशी कंडक्टर जवळपास नाहीच. म्हणजे तिथली सीट बहुतेक वेळ कॉर्टिसोलनेच भरलेली. नेहमीच्या दिवसांत ते तिथे मुकाट बसून राहतं, पण साखर आणि ऑक्सिडेटिव्ह ताण वाढला की तेच ॲल्डोस्टेरॉनसारखं वागायला लागतं, असं एक सबळ मत आहे. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलंय की रॅक-१ नावाच्या प्रथिनाच्या ढकलण्याने हा रिसेप्टर हॉर्मोन फारसं नसतानाही चालू होतो, आणि त्या ढकलण्याला जादा मिठाची साथ मिळते. उंदरांत फक्त मॅक्रोफेजच्या कुळातल्या पेशींमधून एमआर जनुकीय युक्तीने काढून टाकला, बाकी शरीरात राहू दिला, तेव्हा प्रयोगात घडवून आणलेल्या किडनीच्या दाहात त्यांचं नुकसान कमी झालं. म्हणून तुम्ही लॅबमधून बाबांच्या रक्तातलं ॲल्डोस्टेरॉन मोजून आणलंत आणि ते 'नॉर्मल' निघालं, तर त्यावरून मी गोळी बंद करणार नाही. त्या आकड्याला इथे फारसा अर्थ नाही.

मिठाबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक वरून मीठ खातच नाहीत. १९७० च्या दशकात त्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातलं ॲल्डोस्टेरॉन आपल्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि बीपी कमी, वयानुसार न वाढणारं. मीठ वाचवायला शरीराने हॉर्मोन वाढवलं, त्याने कोणाचंच काही बिघडलं नाही. सेलियेंच्या उंदरांचं बिघडलं कारण सोबत मिठाचं पाणी होतं. आपल्या ताटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी आणि वर 'जरा मीठ वाढ गं' एवढं झालं की जेवण संपायच्या आत आपण तो आकडा मागे टाकतो. बाबांची गोळी चालू असेल आणि लोणचंही चालू असेल, तर एक हात पुसतोय आणि दुसरा सांडतोय.

मावशींकडे येतो. प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसोलचंच प्रयोगशाळेत घडवलेलं भावंड, ज्याला लोक स्टेरॉइड म्हणतात. ते ज्या सीटवर बसावं म्हणून आपण देतो ती ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची सीट, म्हणजे जीआर. एमआर आणि जीआर हे सख्खे भाऊ: डीएनएला पकडणारा त्यांचा भाग ९४ टक्के सारखा. आणि तरीही स्वभावाने उलटे. जीआरवर हॉर्मोन बसलं की तो केंद्रकात जाऊन त्याच एनएफ-कॅपा-बीचा आवाज दाबतो, ज्याला एमआर चिथावणी देतो. म्हणजे कॉर्टिसोल एकच. जीआरच्या सीटवर बसलं तर दाह शमवतं, एमआरच्या सीटवर बसून बिघडलं तर दाह पेटवतं. म्हणून मावशींना जीआरची सीट भरून द्यायची आणि बाबांना एमआरची सीट अडवून ठेवायची. दोन्ही औषधं शेवटी एकाच भांडणाच्या दोन टोकांना धरतात.

मग बाबांनाही प्रेडनिसोलोन का नको? कारण दाह दाह एक नसतो. ल्युपसमध्ये शरीराची फौजच किडनीवर चालून आलेली असते, बायोप्सीत गाळण्या पेशींनी खचाखच भरलेल्या दिसतात. तिथे मोठा दाब द्यावा लागतो, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी मायकोफेनोलेटसारखी औषधंही. मधुमेहात मंद विस्तव असतो, दहा-पंधरा वर्षं राखेखाली धुमसणारा. त्यावर स्टेरॉइडची बादली ओतली तर साखर ४०० ला जाईल, जंतुसंसर्ग होईल, हाडं ठिसूळ होतील, आणि विस्तव तसाच राहील. उलट बाजूने, बाबांची गोळी मावशींना दिली तर त्या ल्युपसला ती पुरणार नाही. आणि एक ताकीद, बाकी काही विसरलात तरी ही नको: मावशींची प्रेडनिसोलोन कोणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका. बरेच आठवडे बाहेरून मिळाल्यावर त्यांची स्वतःची ग्रंथी निवांत झालेली असते, ती जागी व्हायला वेळ लागतो.

(ल्युपस बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, त्यामागे इस्ट्रोजेन या स्त्री हॉर्मोनच्या रिसेप्टरचाही हात असावा असं मानतात. पण तो फाटा इथे फोडत नाही, गावी पोचायचंय.)

टेल्मिसार्टन चालू असताना आणखी गोळी का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर अडवतं, आणि अँजिओटेन्सिन हे ॲल्डोस्टेरॉनला बाहेर पडायला सांगणारं. म्हणजे नळ वरूनच बंद. सुरुवातीला ॲल्डोस्टेरॉन खाली येतं, पण बऱ्याच जणांत काही महिन्यांनी ते पुन्हा चढतं, कारण पोटॅशियमसारखे दुसरे सांगावेही त्याला बोलावतात. १९९६ मध्ये उंदरांवर एक सुरेख प्रयोग झाला. किडनीचा बराच भाग काढलेल्या उंदरांना टेल्मिसार्टनच्याच जातीचं लोसार्टन आणि सोबत अँजिओटेन्सिन तयारच होऊ न देणारं एनालाप्रिल दिलं तर उरलेली किडनी वाचत होती; मग औषधं चालूच ठेवून बाहेरून ॲल्डोस्टेरॉन सोडलं, आणि प्रोटीन आणि व्रण दोन्ही परत आले. वरचा नळ बंद असला तरी खालच्या भांड्याला वेगळं भोक होतं.

फिनेरेनोन ते भोक बुजवतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली जुनी पद्धत आठवा. रुमाल काही प्रवास करत नाही, तिकीट काढत नाही, पण तो आहे तोवर दुसरं कोणी बसत नाही. फिनेरेनोन म्हणजे एमआरच्या सीटवरचा रुमाल. त्याचा रेणू असा फुगीर आहे की तो बसल्यावर रिसेप्टरची घडी नीट बसत नाही आणि जनुकं चालू करणारे मदतनीस त्याला चिकटत नाहीत.

याचा माणसांत उपयोग किती? २०२० च्या फिडेलिओ चाचणीत बाबांसारखेच, म्हणजे टाइप २ मधुमेह, लघवीत प्रोटीन आणि टेल्मिसार्टनसारखं औषध सोसेल तेवढ्या जास्तीत जास्त डोसमध्ये चालू असलेले ५६७४ पेशंट होते. सरासरी अडीचेक वर्षांत किडनी निकामी होणं, ईजीएफआर ४० टक्क्यांनी घसरणं किंवा किडनीमुळे मृत्यू, यांपैकी काहीतरी घडलं ते गोळी घेणाऱ्यांत १७.८ टक्के जणांत आणि न घेणाऱ्यांत २१.१ टक्के जणांत. फरक शंभरात तिनाच्या थोडा वर. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी हाच आकडा '१८ टक्के घट' म्हणून सांगतात, तोही खोटा नाही, पण मी पेशंटला शंभरातले तीन सांगतो. तीन वर्षं २९ जणांना गोळी दिली तर एकाचा असा प्रसंग टळतो. चाचणीत बीपी जेमतेम तीनेक अंकांनी उतरलं होतं, तेवढ्याने एवढा फायदा समजत नाही, म्हणून दाह आणि व्रण कमी होणं हे कारण मानतात. खरं सांगायचं तर माणसांच्या किडनीतले जांभळे ठिपके औषधाआधी आणि नंतर मोजून कोणी ते सिद्ध केलेलं नाही. दाहाचा बहुतेक पुरावा प्राण्यांकडून आलाय. तरी ही गोळी बाबांना द्यावी, याच मताचा मी आहे. डापाग्लिफ्लोझिनच्या जोडीला ती आणखी शोभते: २०२५ च्या एका चाचणीत त्याच जातीचं एम्पाग्लिफ्लोझिन आणि फिनेरेनोन एकत्र सुरू केलं, तर लघवीतलं अल्ब्युमिन निम्म्याहून अधिक घटलं, एकेकट्या औषधापेक्षा स्पष्टपणे जास्त.

किंमत मोजावी लागते ती पोटॅशियममध्ये. नलिकेतली सीटही अडते, त्यामुळे पोटॅशियम बाहेर टाकणं मंदावतं. फिडेलिओत पोटॅशियम वाढल्यामुळे गोळी कायमची सोडावी लागली ती २.३ टक्के जणांना, गोळी न घेणाऱ्यांत ०.९ टक्के. चाचणीतल्या पेशंटचं रक्त मात्र वेळच्या वेळी तपासलं जातं. माझ्याकडे गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ पोटॅशियम ६.४ घेऊन आले, ईसीजीत टी-वेव्ह तंबूसारख्या टोकदार. गोळी सुरू झाल्यावर दोन महिने रक्त तपासलं नव्हतं, ऊन म्हणून रोज दोन शहाळी, आणि मुलाने काळजीपोटी आणलेलं 'लो सोडियम' मीठ. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मिठाबद्दल वर एवढं बोललो म्हणून तुम्हीही उद्या ते पाकीट आणाल, तर आणू नका. साधंच मीठ, कमी.

बाबांचं रक्त गोळी सुरू केल्यापासून चार आठवड्यांनी तपासा. पोटॅशियम ४.८ किंवा खाली आणि क्रिएटिनिन फार हललेलं नसेल तर डॉक्टर डोस २० वर नेतील, मधल्या पट्टीत असेल तर १० वरच ठेवतील, ५.५ च्या वर गेलं तर गोळी थांबवून पुन्हा तपासतील. क्रिएटिनिन सुरुवातीला किंचित चढलं म्हणून घाबरून स्वतःहून बंद करू नका. उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं बंद झालं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का ते विचारा. दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या नकोत. आणि नायट्यासाठी हल्ली सर्रास दिलं जाणारं इट्राकोनॅझोल या गोळीसोबत चालत नाही. त्याने फिनेरेनोनची रक्तातली पातळी खूप चढते. त्वचेच्या डॉक्टरांना किडनीच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय ते सुरू करू नका.

राहिला बाबांचा प्रश्न. शेजारचे काका बहुधा स्पायरोनोलॅक्टोन घेत असणार, हृदयासाठी किंवा लिव्हरसाठी. तीही रुमालच टाकते, पण ती स्टेरॉइड घडणीची असल्याने एका सीटवर थांबत नाही, पुरुष हॉर्मोनच्या सीटवरही टाकते. हृदयाच्या १९९९ च्या मोठ्या चाचणीत दहा टक्के पुरुषांना छातीत वाढ किंवा दुखणं झालं होतं. फिनेरेनोनची घडण स्टेरॉइडची नाही, ते पुरुष हॉर्मोनच्या रिसेप्टरला जवळपास शिवत नाही, आणि चाचण्यांत हा त्रास गोळी घेणाऱ्यांत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिसला नाही. तेव्हा बाबांना सांगा, त्या भीतीने गोळी सोडू नका. आणि ताई, पुढच्या तपासणीला तुम्ही आत जाल तेव्हा शेवटची दोन मिनिटं बाहेर येऊन बसा. त्या वयाच्या पुरुषांना मधुमेहामुळे आणि बीपीच्या गोळ्यांमुळे आणखीही अडचणी असतात, आणि त्या मुलीसमोर कोणी काढत नाही.